अब्बांच्या खोलीतले छत्तीस दिवे

घरातल्या बुजुर्ग माणसाला ऐकू येईनासे झाले की घरचे लोक आधी मोठ्याने बोलू लागतात. काही दिवसांनी तेही थकतात आणि बोलणे कामापुरते उरते. जेवण झाले का, गोळी घेतली का, एवढेच. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांना आम्ही जास्त सांगायला नको.

आमचे अब्बा ७९ वर्षांचे आहेत. मिरजेत आमच्याबरोबर राहतात. एस.टी.च्या आगारात त्यांनी ३२ वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले. कानांनी उतारवयात हळूहळू साथ सोडली. यंत्र घेतले आहे, चांगलेच आहे. पण ते लावले की कुकरची शिट्टी, पंखा आणि नातवंडांची भांडणे सगळे एकाच मापाने आत शिरते, असे अब्बा म्हणतात. दुपारी आणि रात्री यंत्र डबीत असते. त्यांच्याशी सविस्तर बोलायचे तर आमच्या घरी एक वही आहे. आम्ही लिहितो, ते वाचतात आणि तोंडाने उत्तर देतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे आगारातले एक जुने सोबती इचलकरंजीहून भेटायला आले. आम्ही दोघे कामावर होतो, मुले शाळेत. त्या गृहस्थांनी पंधरा-वीस मिनिटे बेल वाजवली, दार ठोठावले, शेजारी विचारले आणि निघून गेले. अब्बा वरच्या खोलीत जागेच होते, वर्तमानपत्र वाचत. दोन महिन्यांनी त्या सोबत्यांचा इंतेकाल झाला. अब्बांनी कोणाला बोल लावला नाही. पण जनाजाहून परतल्यावर त्यांनी आपली खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ओढली, कारण तिथून खालचे दार दिसते. तेव्हापासून दुपारची झोप गेली. वर्तमानपत्र मांडीवर तसेच पडून असायचे. वुजूला उठायचे तरी आधी एकदा खाली नजर टाकून. आयुष्यभर काम केलेल्या माणसाने म्हातारपणी स्वतःच्या घरात पहारेकरी व्हावे, हे आम्हाला बघवेना.

म्हणून बेल वाजली की उजेड व्हावा, असे ठरवले. तशी तयार बेल बाजारात मिळते. आम्हीही एक मागवली. तिचा दिवा प्लगमध्येच होता आणि आमच्या वरच्या खोलीचा प्लग कपाटामागे. पावसाळा सुरू झाल्यावर ती बंदच पडली. मग ओळखीच्या एका वायरमनने सुचवले की रिले लावू आणि बेलबरोबर २३० व्होल्टचा बल्ब पेटवू. काम झाले असते. पण आमचे घर जुने आहे, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते आणि अंथरुणाच्या उशाशी, न्हाणीच्या दाराशी मेनची वायर खेळवायला मन तयार होईना. शिवाय दिवा एका जागी असून भागत नव्हते. अब्बा पलंगावर असतात, खिडकीशी असतात, न्हाणीत असतात. तिन्ही ठिकाणी उजेड हवा, तोही नुसता बेलचा नको. जेवायला बोलावण्याचा वेगळा आणि लगेच खाली या म्हणून सांगण्याचा वेगळा.

थोरल्याकडे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलेला आर्डुइनो उनो नावाचा छोटा बोर्ड पडून होता. हाताच्या पंजापेक्षा लहान. त्यावर एक मायक्रोकंट्रोलर असतो, म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला चिमुकला संगणक. त्याला आपण सांगून ठेवायचे की अमुक बटण दाबले तर अमुक पिनवर पाच व्होल्ट दे. तो ते न थकता करत राहतो. मुलांनी तासाभरात एक एलईडी पेटवून दाखवला. खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. आम्हाला एक नको होता, छत्तीस हवे होते: तीन ठिकाणी, तीन रंगांचे, प्रत्येकी चार. दारासाठी पांढरा, जेवणासाठी हिरवा, तातडीसाठी लाल.

एका एलईडीला नीट पेटायला साधारण १५ मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. या चिपची एक पिन २० मिलिअँपिअर आरामात देते. ४० ही तिची शेवटची मर्यादा, तिथे पोहोचायचे नसते. सगळ्या पिना मिळून चिपने २०० च्या आत राहायचे असते. आता एका रंगाचे बारा दिवे एकदम पेटवायचे तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० मिलिअँपिअर झाले. एका पिनेच्या आवाक्याच्या नऊ पट! बारा दिवे सरळ पिनेला जोडले तर दिवे मिणमिणतात आणि चिप मात्र हळूहळू मरते. इंटरनेटवर पाहून हौसेने बोर्ड घेणाऱ्या कितीतरी मुलांचे बोर्ड असेच जातात आणि मग घरात ‘चिनी माल’ म्हणून त्यांना नावे ठेवली जातात. बिचाऱ्या बोर्डाचा त्यात काही दोष नसतो.

इथे ट्रान्झिस्टर कामाला येतो. हा शब्द आमच्या घरात कधीपासून आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे चामडी कव्हरातला, खांद्याला अडकवायचा रेडिओ. अब्बांचा अजून कपाटावर आहे. त्यावर त्यांनी बातम्या ऐकल्या, अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकली. रेडिओला ते नाव त्याच्या पोटातल्या तीन पायांच्या ज्या तुकड्यावरून पडले, तोच हा. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी तो पहिल्यांदा चालवून दाखवला. विल्यम शॉकली यांच्यासह दोघांना १९५६ चे नोबेल मिळाले. आपला देश स्वतंत्र होऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

त्याचे काम कसे चालते, हे अब्बांना वहीत समजावून सांगायला आम्ही बसलो. तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. बेसमध्ये थोडासा प्रवाह सोडला की कलेक्टरकडून एमिटरकडे त्याच्या कितीतरी पट मोठा प्रवाह वाहू लागतो. बेसचा थांबवला की तोही थांबतो. आम्ही नळाची तोटी काढली, धरणाचा दरवाजा काढला. अब्बांनी चष्मा वर केला, आकृतीकडे बघितले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे हॉर्नचा रिलेच की हा.’’

त्यांचे बरोबर होते. बसच्या हॉर्नचा प्रवाह ड्रायव्हरच्या बोटाखालच्या बटणातून जात नाही. तेवढा प्रवाह तिथून नेला तर बटण जळेल. बटण फक्त रिलेला जागे करते आणि हॉर्नला लागणारा प्रवाह बॅटरीकडून रिलेच्या संपर्कातून परस्पर जातो. आमची पिन म्हणजे ते बटण, एलईडी म्हणजे हॉर्न. फरक इतकाच, की ट्रान्झिस्टरच्या आत काही हलत नाही, म्हणून काही झिजतही नाही. ‘‘आणि रिलेसारखा टकटक वाजत नाही,’’ धाकटीने वहीत लिहिले. ‘‘मला काय त्याचे!’’ अब्बा म्हणाले आणि मोठ्याने हसले. कितीतरी महिन्यांनी.

त्या दिवसापासून हे काम आमचे राहिले नाही, त्यांचे झाले. खुर्ची जिन्यावरून टेबलाशी आली.

हिशेब त्यांनीच मांडायला लावला. बीसी ५४७ हा सगळ्यात ओळखीचा ट्रान्झिस्टर, पण त्याची झेप १०० मिलिअँपिअरपर्यंतच. आम्हाला १८० हवेत. बीसी ३३७ तशाच काळ्या अर्धगोल आकाराचा, आणि तो ८०० पर्यंत झेपवतो. तो घ्यायचे ठरले. आता त्याच्या बेसला किती द्यायचे? कागदावर तो शंभर पटीच्या वर वाढवतो, पण नुसत्या उघडझापीसाठी वापरताना तेवढ्यावर विसंबू नये. बेसला सढळ हाताने द्यावे म्हणजे तो पुरता उघडतो आणि तापत नाही. आम्ही वीस पट धरली. १८० ला २० ने भागले, ९ मिलिअँपिअर. पिन पाच व्होल्ट देते, त्यातले ०.७ व्होल्ट बेस आणि एमिटर यांच्यामध्ये खर्च होतात, उरले ४.३. त्याला ०.००९ ने भागले की ४७८ येतात. बाजारात जवळचा रेझिस्टर ४७० ओहमचा मिळतो, तो पिन आणि बेस यांच्यामध्ये. नऊ मिलिअँपिअर म्हणजे पिनेच्या सोयीच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. तीन रंगांना तीन पिना, तीन ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर. चिपवर एकूण भार सत्तावीस. दिवे मात्र छत्तीस.

दिव्यांची वीज बोर्डातून घ्यायचीच नाही, ही यातली मुख्य गोष्ट. सगळे एकदम पेटले तर अर्ध्या अँपिअरच्या वर जातात. जुन्या मोबाइलचा पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा चार्जर होता, त्यातून एक वाट बोर्डाला आणि दुसरी दिव्यांना दिली. दिव्यांचे अधिक टोक थेट चार्जरच्या अधिकाला, वजा टोक कलेक्टरला, एमिटर चार्जरच्या वजाला. बोर्डाचे वजाही त्याच वजाला जोडलेले हवे, नाहीतर बेसमध्ये गेलेल्या प्रवाहाला परतीची वाट उरत नाही आणि काहीच पेटत नाही. अब्बांना हे सांगावे लागले नाही. ‘‘अर्थ एकच पाहिजे,’’ ते म्हणाले, ‘‘बसची सगळी बॉडीच अर्थ असते.’’

अडले ते दिव्यांच्या रेझिस्टरपाशी. प्रत्येक एलईडीला आपापला रेझिस्टर हवा, असे आम्ही लिहिले. अब्बांना हा उधळेपणा वाटला. छत्तीस रेझिस्टर म्हणजे बहात्तर डाग देणे. ‘‘चारांना मिळून एक मोठा टाका.’’ आता काय सांगावे? एलईडी हा साध्या बल्बसारखा नसतो. त्याला एका ठरावीक दाबापर्यंत काही वाटत नाही आणि तो ओलांडला की प्रवाह एकदम वाढतो. लाल रंगाला हा दाब दोन व्होल्टच्या आसपास, पांढऱ्याला तीनच्या वर, आणि चकचकीत हिरव्यालाही पांढऱ्याइतकाच. पण एकाच पुडीतले दोन लाल दिवेही हुबेहूब सारखे नसतात. चार दिव्यांना एकच रेझिस्टर दिला तर ज्याचा दाब किंचित कमी तो आपल्या वाट्याहून जास्त प्रवाह ओढतो. जास्त ओढला की तापतो. तापला की त्याचा दाब आणखी उतरतो आणि तो आणखी ओढतो. शेवटी तो जातो आणि त्याचे ओझे उरलेल्या तिघांवर पडते.

अब्बांनी वही दोनदा वाचली. मग म्हणाले, ‘‘मागची जोडचाके.’’ बसला मागे एका बाजूला दोन टायर शेजारी शेजारी असतात. एकात हवा थोडी कमी असली तर सगळा भार दुसरा घेतो, तापतो आणि फुटतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही टायर जमिनीला टेकलेले दिसतात. आम्ही यापेक्षा चांगला दाखला कुठे वाचलेला नाही. पांढऱ्या आणि हिरव्यांना १०० ओहम, लालला १८०, असे छत्तीस रेझिस्टर आले आणि बहात्तर डाग त्यांनी स्वतः दिले. हात थोडा कापतो. पण कथील नेमक्या जागी वितळत होते.

सामानापैकी एका गोष्टीने मात्र दोन दिवस खाल्ले. गावातल्या दुकानात बीसी ३३७ संपले होते. दुकानदाराने त्याऐवजी एस ८०५० दिले आणि वर ‘सेम टू सेम, डोळे झाकून लावा’ म्हणाला. आमच्या कामाला त्याची ताकद पुरते, हे खरे. पण जोडणी केली तर दिवे जेमतेम काजव्यासारखे. मुलांनी प्रोग्रॅम तपासला, आम्ही वायरी तपासल्या. अब्बांनी मल्टिमीटर मागितला, डायोडच्या खुणेवर ठेवला आणि एक सुटा ट्रान्झिस्टर घेऊन बसले. बेसवर लाल काडी ठेवली की बाकीच्या दोन्ही पायांवर ०.६ ते ०.७ च्या दरम्यान आकडा येतो. त्या दोघांत ज्याचा आकडा किंचित मोठा तो एमिटर. तो उलट बाजूला निघाला. बीसी ३३७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदाराच्या ट्रान्झिस्टरमध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा लावला तरी ट्रान्झिस्टर थोडाफार चालतो, पण त्याची वाढवण्याची ताकद जवळजवळ जाते. म्हणून तर दिवे विझले नाहीत, नुसते मिणमिणले. फिरवून लावल्यावर खोली लख्ख झाली. वाचकांपैकी कोणी हा उद्योग करणार असतील तर ट्रान्झिस्टरच्या पोटावरचा नंबर वाचावा आणि त्या नंबरचे पाय पाहावेत. दुकानदाराच्या भरवशावर राहू नये.

पहिल्या रात्री मुलांनी दिवे भराभर उघडझाप करणारे ठेवले होते. अब्बा तटकन उठून बसले. ‘‘घरात अँब्युलन्स आणली का?’’ हेही खरेच. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर दिवसभर ताण असतो, त्यात लखलखाट म्हणजे शिक्षा. मग उजेड हळूहळू चढवायचे ठरले. मायक्रोकंट्रोलरला अर्धा पेटव असे सांगता येते. म्हणजे तो खरे तर अर्धा पेटवत नाही. सेकंदाला सुमारे ४९० वेळा पेटवतो आणि विझवतो, आणि त्यात पेटलेला वेळ किती ठेवायचा ते आपण ० ते २५५ मध्ये सांगतो. डोळ्याला वेग कळत नाही, फक्त मंद उजेड दिसतो. ट्रान्झिस्टरला हा वेग काहीच नाही. रिलेने मात्र कधीच मान टाकली असती. आता बेल दाबली की पांढरा उजेड दोन सेकंदांत वर येतो, दोन सेकंदांत उतरतो, असे तीनदा. लाल तेवढा पटकन येतो आणि बटण दाबून बंद करेपर्यंत राहतो.

खालच्या दारापासून वर बोर्डापर्यंत दहा-बारा मीटर वायर गेली आहे. सुरुवातीला पंख्याचे बटण बंद केले की वर पांढरे दिवे लागायचे. लांब वायर अँटेनासारखी वागते आणि आजूबाजूचे झटके उचलते. चिपच्या आतला रोध बराच मोठा असतो, त्यापुढे हे झटके वरचढ ठरतात. म्हणून बाहेरून एक किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टकडे लावला आणि बटण निदान ५० मिलिसेकंद दाबलेले असेल तरच मानायचे, असे मुलांनी लिहिले. त्यानंतर भुताने बेल वाजवणे थांबले.

रमजानच्या आधी आणखी एक भर पडली. गाढ झोपेत डोळे मिटलेले असताना उशाचे चार दिवे पुरत नाहीत. सहरीला उठवायला कोणीतरी वर जाऊन खांदा हलवायचे आणि अब्बा दचकून जागे व्हायचे. जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढली, कापडी पिशवीत शिवून उशीखाली ठेवली आणि चौथ्या पिनेवर चौथा ट्रान्झिस्टर लावला. ट्रान्झिस्टरला पुढे दिवा आहे की मोटर, याच्याशी देणेघेणे नसते. मात्र मोटरीत तारेचे वेटोळे असते आणि प्रवाह तोडला की ते उलट झटका देते, म्हणून तिच्या दोन टोकांवर उलट्या दिशेने एक डायोड लावावाच लागतो. मोटर तीन व्होल्टची, म्हणून तिच्या वाटेत एक छोटा रेझिस्टरही. यंदा तिसही रोजांना अब्बा हिरव्या उजेडात आपसूक उठून खाली आले.

वीज गेली की हे सगळे बंद पडते. पॉवर बँक जोडून पाहिली, पण दिवे विझलेले असताना बोर्डाचा खप इतका थोडा की पॉवर बँकेला वाटते काही जोडलेलेच नाही आणि ती स्वतःहून बंद होते. त्यावर उपाय शोधणे चालू आहे. बोर्ड सोडून बाकीचे सामान चारशे रुपयांच्या आत आले.

अब्बा आता दुपारी झोपतात. शेजारच्या खाला एकदा असरच्या आधी आल्या, बेल दाबून उभ्या राहिल्या, आणि वरून अब्बांची हाक आली, ‘‘आलो, आलो!’’ त्या चकित होऊन आम्हाला सांगत होत्या की तुमच्या अब्बांचे कान बरे झाले वाटते.

गेल्या आठवड्यात अब्बांनी वही मागितली. एरवी ते बोलतात, लिहीत नाहीत. पण त्यांनी पेन घेऊन आकृती काढली. वर त्यांच्या पलंगाशी एक बटण, खाली स्वयंपाकघरात ओट्याच्या वर सहा लाल दिवे. शेजारी प्रश्न: ‘‘तुम्ही मला बोलावता. मी तुम्हाला बोलवायचे तर?’’ खाली गुणाकार होता. सहा दिवे, पंधराने नव्वद, म्हणजे बीसी ५४७ ला काठावर. पुढे त्यांनी बीसी ३३७ लिहून दोन रेघा ओढल्या होत्या आणि कंसात ताकीद: नंबर वाचून आणणे.

आम्ही शनिवारी सांगलीला जाऊन तो आणला आहे. पाचवी पिन मोकळी आहे. स्वयंपाकघरातली पट्टी कोणत्या उंचीवर ठोकायची, यावर सध्या अब्बांचा आणि धाकटीचा वाद चालू आहे, तोही वहीत, आणि वही संपत आली आहे.